एफ/8 ची लेन्स आणि लिटल लीगचं मैदान: सीझनभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते. तुमच्या मुलांचे लिटल लीगचे (म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलचे) सामने शनिवारी सकाळी होत असतील तर कॅननची आरएफ 100-400 एफ/5.6-8 ही झूम लेन्स (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आत येतो) डोळे झाकून घ्या. उरलेल्या पैशांत पोराला चांगला ग्लव्ह येईल. सामने रात्री दिव्यांखाली होत असतील तर मात्र हिच्या वाटेला जाऊ नका.

माझ्याकडे ईओएस आर7 कॅमेरा आहे. त्यात एपीएस-सी, म्हणजे मोठ्या फुल-फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असल्यामुळे 400 मिलिमीटरवर फुल-फ्रेमच्या 640 इतकी पोच मिळते. लेन्सचं वजन 635 ग्रॅम. सहा इनिंगचा सामना हातात धरून निघतो, मनगट कुरकुरत नाही. 2021 मध्ये ती आली तेव्हा किंमत साडेसहाशे डॉलरच्या आसपास होती. आमच्याकडे न्यू जर्सीत हौशी पालकांच्या खांद्यावर बहुतेक वेळा 70-200 एफ/2.8 दिसते, आणि ती अडीच हजार डॉलरच्या वर जाते. शिवाय लहान मुलांचं मैदान खरंच लहान असतं. बारा वर्षांपर्यंतच्या गटात दोन बेसमधलं अंतर 60 फूट (मोठ्यांचं 90), पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, उभा राहतो होम प्लेटपासून (बॅटरच्या जागेपासून) 46 फुटांवर. पहिल्या बेसच्या बाजूने (होम प्लेटवरून बघताना उजवीकडे), कुंपणाबाहेरून पिचर आणि बॅटर दोघेही 200 मिलिमीटरच्या आतबाहेर फ्रेम भरतात. 400 लागते ती आऊटफिल्डमधल्या पोरांसाठी. त्यांचे फोटो कोणी काढत नाही, आणि त्यांच्या आया नंतर सगळ्यांत जास्त खूश होतात.

आता एफ/8. पूर्ण झूमवर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) याहून उघडत नाही, म्हणजे मागचं दृश्य लोण्यासारखं विरघळणार नाही. पिचरच्या डोक्यामागे पोर्टेबल टॉयलेटचं निळं दार असेल तर ते निळं दारच राहणार. सुरुवातीला याचा वैताग येतो. पण याच लेन्सने मला फोटो काढण्याआधी मैदानाभोवती एक चक्कर मारायला लावली. पार्किंग कुठे आहे, झाडांची गर्द रांग कुठे, खुर्च्या टाकून बसलेले आपलेच लोक कुठे, हे पाहून जागा ठरवायची. दोन पावलं सरकलं की डोक्यातून उगवलेला खांब बाजूला जातो. गुडघ्यावर बसलं तर मागे गाड्यांऐवजी झाडं किंवा आभाळ येतं आणि नऊ वर्षांचं पोरगंही फ्रेममध्ये उंच दिसतं. उभं राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत सगळी मुलं बुटकी आणि टोपीवालीच दिसतात.

जागेचा दुसरा निकष म्हणजे ऊन. बेसबॉलच्या नियमपुस्तकातच सुचवलंय की होम प्लेटपासून पिचरवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी. गावातली सगळीच मैदानं ते पाळत नाहीत, फोनमधल्या होकायंत्रात बघून घ्या. पण पाळलं असेल तर गणित सोपं आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचं तोंड पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे साधारण दक्षिणेकडे असतं. सकाळी दहाच्या सुमारास तिकडून ऊन अंगावर येतं, तेव्हा तुम्ही पहिल्या बेसच्या बाजूला उभं राहा. संध्याकाळी तोच बॅटर सावलीत जातो आणि डावखुरा उजळून निघतो, मग तिसऱ्या बेसकडे चला. पिचरची खरी चैन संध्याकाळीच. उतरतं ऊन समोरून येऊन टोपीच्या झापेखाली शिरतं. होम प्लेटमागच्या जाळीतून त्या वेळी काढलेले पिचरचे फोटो माझ्या संग्रहातले सर्वांत चांगले आहेत.

एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मी पूर्ण मॅन्युअलवर ठेवते. पांढरी पँट, गडद हेल्मेट, तांबूस माती आणि फटफटीत आभाळ एकाच चौकटीत आलं की कॅमेऱ्याचं मीटर बिचारं दर फोटोला वेगळं मत देतं. आभाळ जास्त आलं की चेहरा काळा. ऊन मात्र तासभर तेवढंच असतं. लख्ख उन्हात एफ/8, शटर 1/1600 सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 400 हा पाया धरायचा. तिथून टोपीखालच्या चेहऱ्यासाठी आयएसओ 640 ते 800 पर्यंत चढवायचं. पँटचा पांढरा रंग फाटायच्या (घड्या दिसेनाशा व्हायच्या) बेतात येतो, पण रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) तो सावरता येतो. नाशिकच्या आजोबांना पँटच्या घड्यांशी देणंघेणं नसतं, नातवाचा चेहरा दिसला पाहिजे. मैदानाच्या कोरड्या मातीवरून उसळणारा उजेडही हनुवटीखाली मदत करतो. गवतावर उभ्या आऊटफिल्डरला ती सोय नाही, त्याच्यासाठी आयएसओ थोडा आणखी वाढवा. ढग आले की सेटिंग बदलायचं लक्षात ठेवा, मॅन्युअलची तेवढी किंमत मोजावीच लागते.

शटर स्पीडबद्दल काटकसर नको. ताशी 80 किलोमीटरने येणारा बॉल 1/1000 सेकंदात दोन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, आणि बॉलचा व्यास जेमतेम सव्वासात सेंटिमीटर. धावणाऱ्या मुलासाठी 1/1000 चालतं, बॅटवरचा बॉल हवा तर 1/2000 च्या पुढे जा. आर7 चं इलेक्ट्रॉनिक शटर सेकंदाला 30 फोटो काढतं, बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही रॉ बर्स्टमध्ये (रॉ फोटोंच्या सलग फैरीत) पकडतं. ऐकायला स्वर्ग. पण सेन्सर वरून खाली वाचला जाईपर्यंत बॅट पुढे गेलेली असते, त्यामुळे फोटोत ती केळीच्या आकाराची वाकते. बॅटरसाठी मेकॅनिकल शटर (खरा पडदा उघडझाप करणारं) लावा, सेकंदाला 15 फोटो पुष्कळ होतात. इलेक्ट्रॉनिक ठेवा स्लाइडसाठी (घसरत बेस गाठण्यासाठी), कारण दुसऱ्या बेसवर धूळ कधी उडेल ते आधी कळत नाही.

जाळीचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. लेन्सचं तोंड तारेला जवळजवळ टेकवलं की जाळी एफ/8 लाही विरून जाते. मात्र तारेच्या त्या भागावर ऊन पडत असेल तर अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. हाताने किंवा हुडने सावली करा (हुड म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी सावलीची नळी; तो खोक्यात येत नाही, वेगळा विकत घ्यावा लागतो). फोकस तारेवर जाऊन बसणं हा कुठल्याही कॅमेऱ्याचा स्वभाव. एकच छोटा फोकस पॉइंट निवडला की सुटका होते. पावसाची भुरभुर सुरू झाली तर पिशवी काढा, या लेन्सला पाणी रोखणारं सीलिंग नाही.

मला न शोधता मिळालेली गोष्ट म्हणजे हिचं जवळचं फोकस. एक मीटरच्याही आतलं स्पष्ट दिसतं, जवळपास मॅक्रो. डगआऊटबाहेरच्या कठड्यावर पडलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, ग्लव्हवर पेनने लिहिलेलं नाव, मातीने माखलेले बुटांचे स्टड, असे फोटो मी दोन इनिंगच्या मधल्या वेळात काढते. वर्षाअखेरीला अल्बम लावताना लक्षात येतं की नुसते बॅट फिरवणारे पन्नास फोटो एकसारखेच असतात. जिंकल्यावर मुलं एकमेकांवर उड्या मारतात तेव्हा मात्र 100 मिलिमीटरसुद्धा फार जवळ पडतं. त्या वेळी सरळ फोन काढा.

आणि संध्याकाळ. आठवड्यातले सामने साडेपाच-सहाला सुरू होतात. चौथ्या इनिंगपर्यंत ऊन झाडांमागे जातं आणि आयएसओ 6400, मग 12800 होतो. तेच काम एफ/2.8 ची लेन्स 1600 वर करते, तीन स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). नॉइज (फोटोतले दाणे) काढणारं सॉफ्टवेअर वापरून फोनवर बघण्यापुरता फोटो वाचतो, भिंतीवर लावायला नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे उपयोगाचं नाही, ते तुमचा हात स्थिर करतं, पोराचे पाय नव्हे. म्हणून प्लेऑफचा रात्रीचा सामना असला की मी 70-200 दोन दिवसांसाठी भाड्याने आणते. वर्षातून एखाद-दोन वेळा भाडं भरूनही हिशेब माझ्या बाजूनेच राहतो. मुलगा पुढच्या वर्षी मोठ्या मैदानावर, संध्याकाळच्या लीगमध्ये गेला तर हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.