ड्युई की द्विबिंदू? आठ महिने वापरल्यावर

आमच्या वाचनालयात साडेतीन हजार पुस्तकं आजवर दाखलांकाने लावलेली होती. आधी आलं ते आधी, मग कादंबरीला खेटून द्राक्षबागेचं पुस्तक असलं तरी चालायचं. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले आणि कुठलं पुस्तक कुठे, हे त्यांच्याबरोबरच घरी गेलं. वर्गीकरण माझ्या गळ्यात पडलं.

मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाची दशांश पद्धत घेतली; तिच्यात विषयाप्रमाणे पुस्तकाला आकडा मिळतो. १८७६ची असली तरी पहिले तीन अंक एका दुपारी कळतात. घोळ टिंबानंतर होतो. मदतीला येणारी मुलं २९४.५९२४ (गीता) हे २९४.६ (शीख धर्म) च्या पुढे लावायची, कारण ५९२४ मोठा! महिनाभर गीता शीख धर्माच्या पलीकडे जाऊन बसली होती. 'शब्दकोशासारखं एकेक अंक बघत जा' म्हटल्यावर जमलं.

धर्माच्या वर्गात २२० ते २८९ सगळं बायबल आणि ख्रिस्ती धर्माचं. हिंदू धर्म २९४.५ मध्ये कोंबलेला. त्यामुळे आमचीच लेबलं लांबतात. पातळ पोथीच्या कण्यावर ती मावत नाहीत, मुखपृष्ठावर चिकटवावी लागतात. आणि ज्ञानेश्वरी? गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४, की मराठी काव्य म्हणून ८९१.४६१? दोन प्रती होत्या, दोन्हीकडे एकेक ठेवली. नियमात बसत नाही, पण वाचक खूश आहेत.

मधले दोन महिने वैद्यकाच्या कपाटाला भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची द्विबिंदू पद्धत लावून पाहिली. लंडनच्या दुकानात सुटे तुकडे जोडायचा मेकॅनोचा खेळ बघून त्यांना सुचलेली, १९३३ साली छापलेली. तयार आकडा शोधायचा नाही. अवयव, रोग, उपचार, देश, काळ असे तुकडे जोडत जायचं. डोकं म्हणावं तर हे! एखाद्या विषयाचं पोट इतकं नेमकं उलगडणं ड्युईच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण स्वल्पविराम, अर्धविराम, द्विबिंदू कुठल्या क्रमाने लावायचे, हे देवघेवीच्या खिडकीत गर्दी असताना कोण लक्षात ठेवणार? एका पुस्तकाला वीस मिनिटं लागायची. कपाट परत ड्युईवर आणलं.

निम्मा संग्रह मात्र एकट्या ८९१.४६३ मध्ये, म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्या. तिथे ड्युई हतबल. आकड्याखाली लेखकाच्या आडनावाची तीन अक्षरं लिहायला घेतली, तर कुलकर्ण्यांनीच दीड फळी अडवली. आता पहिल्या नावाचं अक्षरही जोडतोय; 'कुलक' झाले, 'देशपां' उरलेत.