अमेरिकन शिक्षा-वाढीच्या कायद्यावरचा वीकेंड क्लास : शिकवणं भारी, नोट्स टुकार

पुण्यात नळ स्टॉपजवळच्या एका गल्लीत हा क्लास चालतो, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाची पोरं आणि शिवाजीनगर कोर्टातले माझ्यासारखे ज्युनियर वकील येतात. अमेरिकेचा कायदा शिकून इथे काय दिवे लावणार असं घरी ऐकवून झालंच, पण सरांनी वुडन नावाच्या आरोपीची ती केस घेतली ना, ती जाम आवडली.

तिकडे बंदूक बाळगायला बंदी असलेल्या माणसाकडे बंदूक सापडली आणि त्याच्या नावावर आधीचे तीन हिंसक किंवा गंभीर ड्रग्जचे गुन्हे असले तर किमान 15 वर्षं, फक्त ते गुन्हे वेगवेगळ्या प्रसंगी झालेले पाहिजेत. वुडनने 1997 मध्ये जॉर्जियात एका रात्रीत, एकाच इमारतीतले 10 स्टोरेजचे गाळे मधल्या भिंती फोडत फोडत लुटले होते. पुढे त्याच्याकडे बंदूक सापडली तेव्हा सरकार म्हणे हे 10 प्रसंग! एरवी 21 ते 27 महिने बसले असते तिथे 188 महिने ठोकले. सरांनी फळ्यावर गाळे काढले आणि दर भिंतीला विचारलं, आता प्रसंग बदलला का? एक मुलगी म्हणाली मालक वेगळा म्हणजे प्रसंग वेगळा, त्यावर अशी जुंपली की चहा गार झाला. 2022 मध्ये तिकडचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रसंग एकच. मग हे ठरवायचं कोणी, जजने का ज्युरीने (म्हणजे खटल्याला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी), तर 2024 च्या अर्लिंगर केसमध्ये उत्तर आलं की ज्युरीने, तेही एकमताने आणि संशयापलीकडे.

आपल्याकडचं आधी शिक्षा झालेल्याला वाढीव शिक्षा देणारं जुन्या दंड संहितेचं कलम 75, आता बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 13, त्याच्याशी सरांनी लगेच जोडून दाखवलं. वाढीव शिक्षा मागायची तर आधीच्या शिक्षेची तारीख, ठिकाण चार्जमध्ये लिहायला लागतं, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना धड माहीत नव्हतं, आणि रोज कोर्टात उभे राहतो म्हणे.

घोळ पुढे झाला. आधीचा गुन्हा हिंसक धरायचा का हे ठरवताना, जुन्या केसमध्ये आरोपीने खरंच काय केलं ते अमेरिकन कोर्ट बघत नाही, त्या कलमाचे घटक काय तेवढंच बघतं, आणि सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून आहेत. ते सरांनी घाईघाईत उरकलं. 2015 ची जॉन्सन केस, जिच्यात त्या 15 वर्षांवाल्या कायद्याचा एक अख्खा तुकडा संदिग्ध म्हणून उडाला, तिचं नुसतं नाव घेतलं.

नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तळटीपा दिसतच नाहीत, निकाल स्वतः डाउनलोड करून न्या. गाडी लांब लावा, गल्लीत टो करतात. फी हप्त्यात चालेल का विचारलं तर सर नुसते हसले.