सागाचा दोन दिवसांचा वर्ग: मोजणी पक्की, हिशेब कच्चा

चोपडा तालुक्यातल्या एका खाजगी रोपवाटिकेत शेतातल्या सागाचा दोन दिवसांचा निवासी वर्ग भरतो. ज्यांच्या मुरमाड तुकड्यात साग आधीच उभा आहे, त्यांनी तो जरूर करावा. नवी लागवड करणाऱ्यांनी तिथला उत्पन्नाचा तक्ता तेवढा बाजूला ठेवावा.

सगळ्यात उत्तम शिकवतात ती विरळणी. 2 बाय 2 मीटरवर एकरी साधारण 1000 झाडं बसतात. शेंडे एकमेकांना भिडले की बुंधा जाड व्हायचा थांबतो आणि झाडं उजेडासाठी नुसती उंच पळतात. अशा वेळी तिरप्या ओळी धरून एकाआड एक ओळ काढायची. निम्मी झाडं राहतात आणि अंतर 2.83 मीटर होतं. पुढची विरळणी मात्र झाड पाहून: वाकडं, दुबेळकं (दोन शेंडे फुटलेलं), दबलेलं आधी काढायचं. खुणा अंगावर पानं असतानाच करा, हे त्यांनी बजावून सांगितलं ते फार मोलाचं. उन्हाळ्यात नुसते खराटे उभे असतात, कोण कोणाला दाबतंय ते कळतच नाही. हातची झाडं काढणं सगळ्यांच्याच जिवावर येतं, म्हणून प्रत्येकाकडून गेरूने खुणा करून घेतात आणि प्रत्येक खुणेचं कारण विचारतात.

मोजणीही तशीच चोख. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, घेर घ्यायचा. उतार असेल तर वरच्या बाजूने. तोडलेल्या ओंडक्याचा घेर मधोमध. 60 सेंटिमीटर घेर, 3 मीटर लांबी असेल तर घेराचा चौथा भाग 15 सेंटिमीटर, म्हणजे 0.15 मीटर; 0.15 गुणिले 0.15 गुणिले 3, म्हणजे 0.0675 घनमीटर, सुमारे 2.4 घनफूट. हे व्यापारी माप आहे. गोल ओंडक्यात खरं लाकूड 3 घनफुटांच्या आसपास भरतं. त्यातही साल काढून घेर 56 आला की माप 2.1 वर उतरतं. म्हणून भाव ठरवताना आधी ठरवायचं: सालीसकट की सालीशिवाय, आणि टेप मधोमध लागणार की बारीक टोकाला.

लागवडीचं थोडक्यात पण बरोबर सांगतात. जडी, म्हणजे लावण्यासाठी छाटलेलं रोपाचं मूळ, अंगठ्याएवढी जाड, 15 ते 20 सेंटिमीटर मूळ, वर दोन-तीन सेंटिमीटर खोड. पहिला चांगला पाऊस झाला की पहारीने भोक करून जडी बसवायची आणि माती टाचेने दाबायची. आत पोकळी राहिली की जडी सुकते.

आता उणं. तक्त्यात हजार झाडं शेवटपर्यंत धरून भावाने गुणली आहेत. विरळणी शिकवणाऱ्यांनीच असं करावं? आदल्या दिवशी काढायला लावलेली झाडं दुसऱ्या दिवशी नफ्यात कशी? शिवाय कोवळ्या सागात बाहेरचं पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी, त्याला पक्क्या सागाचा भाव कोणी देत नाही. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत पाणी साचतं, तिथे साग रडतो. हे कोणी बोललंच नाही. पानांची जाळी करणाऱ्या अळीचा उल्लेख नाही. सातपुड्याच्या पायथ्याला उन्हाळ्यात वणवा लागतो, तरी बांधाकडेने पाचोळा ओढून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, ठेवण्याबद्दलही अवाक्षर नाही.

तोडीच्या परवानगीचा विषय वर्गात पाच मिनिटांत उरकला, हे सर्वांत खटकलं. साग 1964 च्या वृक्षतोड कायद्यात येतो, त्यामुळे स्वतःच्या शेतातला असला तरी विरळणीलाही आधी परवानगी लागते आणि माल हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे, त्यांना झाडं परस्पर विकता येत नाहीत. नंदुरबार, धडगावकडून आलेल्यांना हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. अर्जाआधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते तलाठ्याकडे पाहून घ्या. नोंद नसेल तर प्रकरण तिथेच अडतं.