पुढे ३.७३, मागे ४.१० : मोठ्या टायरच्या नादात झालेली फसवणूक

बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. गुणोत्तर-प्रमाण हा तर माझा आवडता धडा. आणि निवृत्त झाल्यावर फसलो तो नेमका एका गुणोत्तरात, तोही दोन अपूर्णांकांच्या. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं, तुमच्या विद्यार्थ्यांना कळलं नाही." आता कळू द्या. नागपुरात हल्ली जुन्या जीपला मोठे टायर घालणारी पोरं बरीच दिसतात, आणि त्यांना 'रेशो', म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचं गुणोत्तर, 'बदलून देतो' म्हणणारेही.

काटोलकडे सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचे दोन किलोमीटर काळी माती. पाऊस पडला की चाकाला माती लागत नाही, चाकच मातीचं होतं. म्हणून जुनी डिझेल महिंद्रा जीप घेतली. चार गिअर, टॉप एकास एक, फोर बाय फोरचा वेगळा दांडा. टायर होते २१५/७५ आर १५. भाचा म्हणाला, "मामा, हे काय सायकलचे टायर? ३१ इंची टाका." टाकले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, हे कबूल करतो.

दिसायला लागली आणि चालेनाशी झाली. टॉप गिअर नावापुरता उरला. काटोल रोडच्या जराशा चढावर तिसऱ्यात यावं लागे. बागेतल्या उतारावर मागे घेताना क्लच जळाल्याचा वास. मे महिन्यात तर पाण्याच्या तापमानाचा काटा खाली यायलाच तयार नाही.

कारण साधं आहे, ते मला तेव्हाही कळत होतं. जुन्या टायरचा व्यास ७०३ मिलिमीटर, नव्याचा ७८७. म्हणजे चाक १२ टक्के मोठं. इंजिनला तेवढा जास्त पल्ला एकेका फेरीत ओढावा लागतो. ॲक्सलमधल्या, म्हणजे चाकांच्या आसातल्या, मोठ्या दातेरी चक्राला (क्राऊनला) ४१ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्याला (पिनियनला) ११ म्हणजे ३.७३ चा रेशो, पण मोठ्या चाकामुळे तो ३.३३ असल्यासारखा वागतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने चाललेली असते. आणि किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज पडलं म्हणून आपण जेवढं रडतो त्यातलं थोडं रडणं खोटं असतं. माझं हे रडणं मी महिनाभर रडलो.

उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलणं. ३.७३ ला १.१२ ने गुणलं तर ४.१८ येतं. बाजारात नेमका हा आकडा मिळत नाही, ४.१० मिळतो, ४.२७ मिळतो, ४.५६ मिळतो. टायरवर ३१ लिहिलेलं असलं तरी गाडीच्या वजनाखाली तो जरा कमीच भरतो, म्हणून ४.१० जवळचा. ताशी ८० ला जुन्या टायरवर इंजिन साधारण २२५० फेऱ्यांवर असायचं. ३१ इंचीवर ३.७३ राहिला तर २०१०, ४.१० घातला तर २२१०, ४.५६ घातला तर जवळजवळ २४६०. जुन्या डिझेलला वर्धा रोडवर तासभर २४६० वर पळवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर धावायला लावणं.

हा सगळा हिशेब मी वहीच्या पानावर लिहून शहराबाहेरच्या एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. भिंतीवर चिखलात उड्या मारणाऱ्या गाड्यांचे मोठमोठे फोटो. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. माझं पान त्याने दोन्ही हातांत धरून वाचलं. म्हणाला, "सर, लोक येतात आणि म्हणतात, सगळ्यात मोठा नंबर टाकून दे. असा हिशेब करून कोणीच येत नाही." त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपल्या पोरांना बोलावून सांगितलं, "पाहा बे, याले म्हणतात शिकलेला माणूस." मी त्या पोरांना तिथेच फळ्यावर आकृती काढून समजावलं. आज आठवलं की कानशिलं तापतात. मला गणिताचं सर्टिफिकेट देऊन त्याने माझ्या हातातून पाना काढून घेतला होता.

ठरलं ते असं: पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला ४.१० चे नवे सेट, बेअरिंगं, सील, मजुरी, एकूण ८६,०००. "बिल पक्कं पाहिजे तर जीएसटी वेगळा, सर. तुम्ही आपलेच." मी आपलाच झालो. ४०,००० रोख आधी, बाकी गाडी नेताना. कागद म्हणून वहीच्या चिठ्ठीवर 'दोन्ही ॲक्सल काम' एवढे तीन शब्द आणि रक्कम. ही हाव माझी होती, त्याच्या माथी मारत नाही.

आठ दिवसांनी गाडी मिळाली आणि पहिल्या गिअरलाच फरक कळला. चढ टॉपवर चढली. मी एवढ्यावर थांबणारा नव्हे, काटोल रोडवर किलोमीटरचे दगड आणि मीटर ताडून पाहिलं. जवळजवळ बरोबर! बाकीचे ४६,००० हसत दिले. पाय सोडला की मागून हूंऽऽ असा आवाज येत होता, पण तो म्हणाला, "नवीन दात आहेत, घासून बसतील." पटलं.

इथे मी काय चुकलो ते नीट सांगतो, कारण सगळी गोम यातच आहे. माझ्या गाडीत फोर बाय फोर लावला नाही तर जोर फक्त मागच्या चाकांना जातो. मीटरची केबलही मागच्या शाफ्टकडूनच (जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीकडूनच) चालते. म्हणजे मी केलेली प्रत्येक परीक्षा मागच्या ॲक्सलची होती. पुढचा उघडलाही नसता तरी मला शंभरपैकी शंभरच मिळाले असते. आणि डांबरावर फोर बाय फोर लावायचा नसतो, हे तर सगळ्यांना माहीत. त्या माणसालाही.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला. बागेच्या वाटेवर दांडा ओढला. चिखलात गाडी गेली, गुरगुरत गेली, पण चिखलात गुरगुरणारच म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुढे दीडशे मीटर मुरूम घातलेला पक्का तुकडा आहे. तिथे गाडी ठेचकाळायला लागली, पुढचं चाक मध्येच उडी मारल्यासारखं करायचं. दांडा काढायला गेलो तर तो निघेचना. जोर लावून गाडी पुढे नेली आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा फिरता सांधा, तुटला. आवाज असा की आमचा गडी बांधावरून धावत आला.

काटोलात एक म्हातारे मिस्त्री आहेत, पूर्वी ट्रॅक्टर करायचे, आता जीप करतात. ते आले, खाली वाकले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "गुरुजी, पुढचा गोळा कोनी खोललाच नाही. बोल्टाले जुना रंग तसाच हाय." गोळा म्हणजे ॲक्सलच्या मधला फुगीर भाग, ज्यात क्राऊन-पिनियन असतात. मग त्यांनी खिशातून खडू काढला.

त्यांनी केलं ते कोणालाही घरी करता येईल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना दगड. ज्या ॲक्सलचा रेशो पाहायचा त्याचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर राहू द्यायचं. ॲक्सलखाली स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. पुढच्या ॲक्सलला दोन्ही हब (चाकाला ॲक्सलशी जोडणारी मधली कळ) लॉक करायचे, नाहीतर चाक एकटंच फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही. टायरवर एक खूण, प्रोपेलर शाफ्टवर एक खूण. उचललेलं चाक वीस वेळा पूर्ण फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. एक चाक थांबलेलं असल्यामुळे चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची एक फेरी होते, म्हणून वीस फेऱ्यांत शाफ्टच्या जेवढ्या फेऱ्या होतील त्याला दहाने भागलं की रेशो मिळतो. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) घातलेल्या ॲक्सलला ही रीत चालत नाही, साध्याला चालते.

मागे ४१ भरल्या. पुढे सदतीस आणि थोडं वर.

म्हणजे मागे ४.१०, पुढे जुनाच ३.७३. फोर बाय फोर लावला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले, दोघांच्या फेऱ्या सारख्या. मग पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त फिरणार. दर किलोमीटरला शंभर मीटरचं भांडण. चिखल घसरून ते भांडण सोडवतो, मुरूम सोडवत नाही, मग जे कच्चं असेल ते तुटतं. माझं नशीब की क्रॉसवर निभावलं, ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) गेली नाही. दांडा अडकला तर गाडी पुढे दामटायची नसते, थोडी रिव्हर्स घ्यायची, ताण सुटतो आणि दांडा निघतो. हे मिस्त्रींनी नंतर सांगितलं.

मागचं झाकण उघडल्यावर दुसरा धक्का. क्राऊनच्या कडेला ४१-१० ठोकलेलं होतं, ते खरं, पण दात जुने, झिजलेले. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनेच येतात, एकमेकांवर घासून बसवलेले. त्यावरचे जोडीचे नंबर जुळायला हवेत, माझे जुळत नव्हते. कुठल्या तरी दोन मोडीतल्या गाड्यांचं लग्न लावलं होतं. हूंऽऽ त्याचाच.

गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा या वेळी खुर्ची मिळाली नाही. "चिठ्ठीवर नवीन लिहिलंय का सर?" नव्हतं. ग्राहक आयोगात जाईन म्हटलं. तो हसला. "जा ना. टायर कंपनीच्या मापाचे नाहीत, रेशो कंपनीचा नाही. आरटीओ आधी तुमचीच गाडी धरेल." यात त्याची लबाडी होती, पण अर्धं खरंही होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. मोठे टायर घालणाऱ्याने हे आधी वाचावं. मी नंतर वाचलं. ग्राहक कायद्यात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १९१५ वर फोन केला तर रस्ता सांगतात. पण माझ्या हातात तीन शब्दांची चिठ्ठी. ओळखीच्या वकिलाने ती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. शेवटी भाच्याने चार मित्र नेऊन १५,००० परत आणले. ती पोरं तिथे काय बोलली ते मी विचारलं नाही.

आणि एक गोष्ट मला पार उशिरा सुचली. माझ्या मागच्या ॲक्सलमधला मूळ ३.७३ चा सेट, कंपनीचा, जोडीचा, व्यवस्थित चालणारा, तो कुठे गेला? मी मागितलाच नाही. आता दुसऱ्या कोणाच्या तरी जीपमध्ये 'नवा' म्हणून बसला असेल. काम कोणालाही द्या, जुने पार्ट पोत्यात घालून घरी आणा, आणि गोळा उघडलेला असताना एकदा समोर उभे राहून दात मोजा. दुकानदार वेळ नाही म्हणाला तर गाडी तिथे सोडू नका.

मिस्त्रींनी पुढच्यासाठी ४.१० चा जोडीचा सेट शोधायला दीड महिना घेतला. मागचा शिम (पातळ चकत्या) घालून नीट बसवला, आवाज कमी झाला, गेला नाही. परवा काम संपलं. त्यांचा नातू खडू घेऊन शाफ्टजवळ बसला, मी चाक फिरवत होतो, आणि तो मोठ्याने मोजत होता. मागे एक्केचाळीस. पुढे एक्केचाळीस.

"झालं ना, गुरुजी?" मिस्त्री हात पुसत म्हणाले.

मी म्हटलं, "पुढचं परत एकदा."