बग्गी किट: बॉडी झकास, चासीचं काम बोंबललं

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर वाळूत पळवायची उघडी बग्गी (ड्यून बग्गी) बांधायची म्हणून फायबरची बॉडी घेतली आणि चासी कापून जोडायचं कामही त्याच वर्कशॉपला दिलं, सहा महिने चालवून लिहितोय. बॉडीला खरंच तोड नाही, जाड आहे, जेलकोटला (फायबरवरचा चकचकीत थर) केसाएवढी पण चीर नाही. पण चासी! मेयर्स मँक्ससारखी (बीटलवर बांधलेली प्रसिद्ध अमेरिकन बग्गी) छोटी बग्गी हवी तर मधून साधारण १४ इंच काढावे लागतात, ९४.५ इंचाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८० च्या आसपास येतो, आणि नुसतं पत्रा कापून वेल्ड मारलं की झालं असं नसतं ना, टनेलमधल्या (चासीच्या मधोमध जाणारा पोकळ कणा) केबलच्या नळ्या, गिअर रॉड, ब्रेक पाईप सगळंच तेवढं छोटं करायचं असतं. यांनी क्लचची नळी सरळ जुळवलीच नाही, केबल आत घासत राहिली आणि तिसऱ्याच राईडला तुटली, वर रिव्हर्स पडायला अर्धा मिनिट झटापट. टेपने चासीचे कर्ण मोजले तर चक्क ८ मिलिमीटरचा फरक, तरीच गाडी डावीकडे ओढत होती! दुरुस्ती फुकट करून दिली हे खरं, पण "एवढं चालतंच" हे ऐकून डोकंच फिरलं. बाकी वाळूत धमाल येते, फक्त इंजिन मागे आणि लांबी कमी त्यामुळे वळणावर मध्येच ॲक्सिलेटर सोडू नका, शेपूट गर्रकन फिरते. बॉडीला साडेचार स्टार, चासीच्या कामाला दीड.