आकार पक्का, मुळं कच्ची: 3 मीटर व्यासाच्या फायबर पात्यांचं परीक्षण

संच तीन पात्यांचा, 1 किलोवॉटच्या छोट्या पवनचक्कीला बसणारा. प्रत्येक पात्याचं वजन साधारण 2.2 किलो, आत फोम आणि वर ग्लासफायबर. देवगड-मालवणकडच्या उघड्या कातळसड्यावर, आंब्याच्या बागेतल्या शेडसाठी किंवा होमस्टेच्या बॅटऱ्यांसाठी घ्यायचा, असं धरून हे परीक्षण आहे. हवेशी झुंजायचा आकार उत्तम जमला आहे. मिठाशी झुंजायची तयारी मात्र अर्धीच झाली आहे.

आधी आकार. मुळाशी सुमारे 20 अंशांचा पीळ, मध्यावर 7 आणि टोकाला जेमतेम 1-2 अंश. रुंदी मध्यावर 145 मिमी, टोकाला 75 मिमी. टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट धरून गणित मांडलं तर जवळपास हेच आकडे येतात, म्हणजे साचा कुणीतरी हिशेब करून बनवलाय. पात्याचं मूळ सावकाश फिरतं आणि टोक जोरात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वारा वेगळ्या कोनात येऊन भिडतो. पीळ नसेल तर पात्याचा निम्मा भाग नुसताच ओझं होतो. पीव्हीसी पाइप चिरून केलेल्या स्वस्त पात्यांत नेमकं हेच होतं, वर उन्हाने ती ठिसूळही होतात. या संचाची मागची धारही बारीक आणि सरळ आहे, त्यामुळे शिट्टी वाजत नाही.

वीज किती मिळेल ते खरं सांगायला हवं. सेकंदाला 10 मीटर वाऱ्याला ही पाती चांगल्या जनरेटरवर साधारण 1 किलोवॉट देतात. वारा निम्म्यावर, म्हणजे 5 मीटरवर आला की हातात पडतात सव्वाशे वॉट, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने बदलते. यात पात्यांचा दोष नाही. वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त शक्ती कुठलंच पातं काढू शकत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झने 1919 सालीच दाखवून दिलं. विक्रेता याहून जास्त बोलत असेल तर उठून यावं.

आता कोकणची गोष्ट. मिनिटाला 400 फेऱ्यांना टोकाचा वेग ताशी 226 किलोमीटर होतो. या वेगाला पावसाचा थेंब वाळूच्या कणासारखा लागतो. पुढच्या कडेवर जेलकोटचा, म्हणजे वरच्या गुळगुळीत रेझिनच्या लेपाचा, एकच पातळ थर आहे. आधी सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, मग आतलं ग्लासफायबर उघडं पडतं आणि त्याच्या तंतूंमधून पाणी आत झिरपतं. उपाय सोपा आहे आणि मे संपायच्या आत करावा: बाहेरच्या 50 सेंमी कडेवर 10 सेंमी रुंदीची पॉलियुरेथेनची पारदर्शक टेप. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायची, टेपचे कोपरे गोल कापायचे, मधून बाहेरच्या बाजूला दाबत हवा काढायची. तिन्ही पात्यांना टेप मोजून सारखीच लावायची, नाहीतर तोल बिघडतो. दिवाळीनंतर पाऊस नसतो आणि कडेवर मिठाचा खर चढतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतलं की पुरे.

सगळ्यात मोठा दोष मुळाशी आहे. 400 फेऱ्यांना प्रत्येक पातं हबला, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या तुंब्याला, सुमारे 200 किलोच्या ताकदीने बाहेर ओढतं. ब्रेक सुटून फेऱ्या दुप्पट झाल्या की तीच ओढ चौपट, म्हणजे 800 किलो. ही सगळी ओढ एम 10 चे, म्हणजे 10 मिमी जाडीचे, चार बोल्ट पेलतात, आणि भोकं थेट फायबरमध्ये पाडलेली आहेत, आत धातूची पुंगळी नाही. बोल्ट आवळला की फायबर चेपतं, काही दिवसांनी बोल्ट सैल होतो आणि भोक लांबट होत जातं. सोबतचे बोल्ट 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत. समुद्राकाठी त्यांवर तांबूस ठिपके पडतात, म्हणून 316 चेच घ्यावेत. हब अॅल्युमिनियमचा आहे. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम खाऱ्या दमटपणात एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्यामुळे मध्ये नायलॉनचे वॉशर आणि आटे अडकून बसू नयेत म्हणून त्यांना अँटीसीझ ग्रीस हवंच. बोल्ट 35 न्यूटन-मीटर इतक्या पिळण्याच्या जोराने आवळावेत आणि आठवड्याने पुन्हा तपासावेत.

टोकाकडचे शेवटचे 20 सेंमी पोकळ आहेत, पण पाणी निघायला छिद्र नाही. तिथे 40 ग्रॅम पाणी साचलं तरी 400 फेऱ्यांना दहा किलोची ओढ फिरत राहते आणि खांब थरथरतो. टोकाजवळ मागच्या धारेकडे 4 मिमीचं छिद्र पाडून त्याची कड इपॉक्सीने बंद करावी. पाणी फिरण्यानेच बाहेर फेकलं जातं. जोडणी झाल्यावर टोकापासून टोकापर्यंतची तिन्ही अंतरं मोजावीत. प्रत्येक 2.60 मीटर यायला हवं, 5 मिमीपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नये.

दुरुस्तीसाठी फायबरच्या होड्या करणारे कारागीर किनाऱ्यावर जवळच मिळतात, ही मोठी सोय. फक्त त्यांना दोन गोष्टी आधी सांगाव्यात. होडीचं पॉलिएस्टर रेझिन इपॉक्सीच्या पात्यावर नीट धरत नाही, तेव्हा इपॉक्सीच वापरायचं. आणि होडीसारखा जाड थर द्यायचा नाही. दुरुस्तीनंतर तिन्ही पाती तराजूवर घालून वजन आणि तोल जुळवायचा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटर होता, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यासमोरून समुद्रातून गेलं. अशा वेळी ब्रेकवर विसंबू नये. खांब बिजागरीचा असावा आणि इशारा आला की आडवा करून पाती बांधून ठेवावीत. पक्का, न झुकणारा खांब असेल तर हा संच घेऊच नये. या संचासोबत छोट्या पवनचक्क्यांच्या आयईसी 61400-2 मानकाचा दाखला येत नाही. तो मागावा, आणि त्यात वाऱ्याचा वर्ग कुठला, म्हणजे किती जोराच्या वाऱ्यासाठी तो आहे, ते बघावं.

मुळाच्या भोकांत स्टीलच्या पुंगळ्या इपॉक्सीत बसवून द्यायला विक्रेता तयार असेल तर संच जरूर घ्यावा. टेप, बोल्ट आणि छिद्राचं काम आपलं आपण एका दिवसात होतं. पुंगळीचं नाही, ते कारखान्यातच व्हायला हवं.