फ्लोरिडा पँथर्सचा २०२३-२४ सीझन : कोल्हापुरातून बघावा का, आणि किती बघावा

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल थांबला की पेठेतल्या शौकिनांचे पुढचे काही महिने रिकामे जातात. त्या दिवसांत आइस हॉकीचा एखादा जुना सीझन रिप्लेवर बघायचा असेल, तर फ्लोरिडा पँथर्सचा २०२३-२४ घ्यावा. पण सगळा घेऊ नये. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये त्या वर्षी प्रत्येक टीम साखळीत ८२ मॅच खेळली. त्यातल्या सत्तर सोडल्या तरी काही बिघडत नाही. खरा माल आहे तो नंतरच्या प्ले-ऑफच्या २४ मॅचमध्ये.

आधी हिशेब. साखळीत ५२ विजय, २४ पराभव आणि ६ मॅच जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये गमावलेल्या. विजयाला २ गुण आणि जादा वेळेतल्या पराभवाला १, म्हणजे ११० गुण आणि अटलांटिक डिव्हिजनमध्ये पहिला नंबर. पुढे प्ले-ऑफच्या फेऱ्यांत (चार मॅच आधी जिंकेल तो पुढं) टँपा बेला ४-१, बॉस्टनला ४-२, न्यूयॉर्क रेंजर्सना ४-२ आणि फायनलला एडमंटन ऑयलर्सना ४-३ असं हरवून २४ जून २०२४ ला स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या क्लबचा तो पहिलाच. शेवट इथंच सांगून टाकला म्हणून रुसू नये. हा सीझन निकालासाठी बघायचा नाहीच, निकाल कसा काढला त्यासाठी बघायचा.

गोलांची बरसात हवी असेल तर त्याच वर्षीचं एडमंटन बघा. पँथर्सचं काम वेगळं आहे. ते समोरच्याला कोपऱ्यात दाबतात आणि सोडत नाहीत. खासबागेत ज्यानं मानेवर हात टाकून दमवणारा पैलवान पाहिलाय, त्याला हा खेळ इंग्रजी कॉमेंट्रीशिवाय समजेल.

या दाबण्याला फोरचेक म्हणतात. पँथर्स पक (चेंडूऐवजी असलेली रबराची चकती) समोरच्याच्या टोकाला मागच्या फळीवर ढकलून देतात. नवख्याला वाटतं, हातातला पक फुकट घालवला. तसं नाही. पाठ करून पक उचलायला गेलेल्या डिफेंडरवर पहिला फॉरवर्ड अंगानिशी जातो. इथं धक्का नियमात बसतो, फक्त पक त्याच्याकडं असायला हवा. दुसरा फॉरवर्ड फळीलगतची पासची वाट बंद करतो. तिसरा वर, गोलसमोरच्या मोकळ्या पट्ट्यात थांबतो. मागचे दोन डिफेंडर निळ्या रेषेवर, म्हणजे समोरच्याच्या भागाच्या हद्दीवर, पुढं सरकून सुटका होण्याची शेवटची जागा अडवतात. घाईत मारलेला पक तिसऱ्याच्या स्टिकवर येतो आणि तिथून गोल पंधरा-वीस फुटांवर असतो.

यात बिघडतं कुठं, तर तिसऱ्याच्या जागेवर. पक दिसला म्हणून तोही कोपऱ्यात शिरला, तर मधला पट्टा मोकळा पडतो, एका पासमध्ये सगळे मागं राहतात आणि दोघा डिफेंडरांवर तिघे चालून येतात. म्हणून पक कुणाकडं आहे हे बघण्यापेक्षा तिसरा कुठं उभा आहे ते बघावं. पाच मिनिटांत टीमचा दिवस कसा आहे ते कळतं. कोच पॉल मॉरिस यांच्या हाताखालचं हे दुसरं वर्ष, आणि वर्षभर सगळ्यात कमी ढळलेली गोष्ट हीच.

आपल्याकडच्या हॉकीची सवय असेल तर मेजर ध्यानचंद स्टेडियमचे नियम घरी ठेवून यावं. इथं स्टिकच्या दोन्ही बाजू चालतात. पक निळी रेषा ओलांडायच्या आधी खेळाडू आत गेला की ऑफसाइड, मग पुढं डिफेंडर कितीही असोत. मॅचसाठी १२ फॉरवर्ड, ६ डिफेंडर आणि २ गोलकीपर असे २० जण सज्ज असतात आणि पाऊण मिनिटात गडी बदलतो, खेळ न थांबवता. शिफ्ट मिनिटाच्या पुढं गेली की पाय जड होतात, आणि कितीतरी गोल बदलता न आलेल्या थकलेल्या पाचांवर होतात.

आता माणसं. सर्गेई बोब्रोव्स्की हा गोलकीपर. २०१९ मध्ये सात वर्षांसाठी ७ कोटी डॉलरचा करार झाला, त्यानंतर बराच काळ लोकांनी त्याला महागात पडलेला सौदा म्हणून हिणवलं. आदल्या वर्षी तर प्ले-ऑफची सुरुवात त्यानं बाकावर बसून केली होती. या सीझनमध्ये टँपाविरुद्धच्या दुसऱ्या मॅचला मॅट डंबाच्या शॉटवर गोलकडं पाठ फिरलेली असताना त्यानं मागं झेप घेऊन हातानं जो पक अडवला, तो एकदा साध्या वेगात आणि एकदा संथ गतीत बघावा. नाद खुळा. ती मॅच नंतर जादा वेळेत कार्टर व्हेरहेगीनं ३-२ अशी जिंकून दिली.

हा व्हेरहेगी २०२० मध्ये त्याच टँपानं करार न वाढवता सोडून दिलेला. डिफेंडर गुस्ताव फोर्सलिंगला जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनानं वेव्हर्सवर टाकलं होतं, म्हणजे ज्याला हवा त्यानं फुकट न्यावा. तोच फोर्सलिंग बॉस्टनविरुद्धच्या सहाव्या मॅचला दीड मिनिट उरलं असताना २-१ चा गोल मारतो. ऑलिव्हर एकमन-लार्सनला व्हँकुव्हरनं पैसे देऊन करारातून मोकळं केलेलं. त्या वर्षी पगाराची कमाल मर्यादा टीममागं ८ कोटी ३५ लाख डॉलर होती, त्यातले १ कोटी एकट्या बोब्रोव्स्कीचे. मग उरलेल्यात माणसं अशीच जमवावी लागतात. बाहेरचा महागडा खेळाडू आणला की सीझन जिंकला असं समजणाऱ्या प्रत्येक मंडळानं ही यादी एकदा वाचावी.

महागातले मात्र खणखणीत निघाले. सॅम राइनहार्टनं साखळीत ५७ गोल मारले, त्यातले २७ पॉवर प्लेवर, आणि पॉवर प्लेच्या गोलांत लीगमध्ये पहिला तोच. पॉवर प्ले म्हणजे समोरचा एक गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेरच्या पेटीत, पाचास चार. राइनहार्ट चौघांच्या मधोमध उभा राहतो आणि आलेला पास न थांबवता मारतो. जागा दिसायला अवघडलेली, पण तिथं प्रत्येक बचावपटूला वाटतं की हा दुसऱ्याचा गडी आहे.

या मालातला मोठा दोषही इथंच आहे. फायनलला हीच पॉवर प्ले बसली. एडमंटनच्या चौघांनी मधला पास तोडायला सुरुवात केली, पक बाजूबाजूनं फिरत राहिला आणि पँथर्स घाईला आले. चौथ्या मॅचला मॅटियस यानमार्कनं आणि पाचव्या मॅचला कॉनर ब्राउननं एक गडी कमी असताना उलटा गोल केला. पाचजणांनी चौघांकडून गोल खाणं म्हणजे मॅचचा काटाच फिरणं. ३-० अशी आघाडी घेतलेली टीम पुढच्या तीन मॅच ८-१, ५-३ आणि ५-१ अशा हरली. एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडनं चौथ्या आणि पाचव्या मॅचला प्रत्येकी ४ गुण कमावले (खेळाडूला गोलचा किंवा गोलसाठीच्या पासचा एक गुण). हरलेल्या बाजूचा असूनही प्ले-ऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, एकूण ४२ गुणांसह. फायनलला ०-३ वरून कप उचललेली टीम इतिहासात एकच, १९४२ ची टोरोंटो. दुसरी नोंद होते की काय अशी वेळ पँथर्सनी स्वतःवर आणली होती. फोरचेक तेव्हाही होताच, पण एडमंटननं पक कोपऱ्यात ठरू दिला नाही. पहिल्याच स्पर्शात मधून बाहेर. मग पुढं सरकलेले डिफेंडर उघडे पडले.

चौथ्या मॅचचा पहिला पिरियड (मॅचच्या तीन भागांतला पहिला) बघून बंद केलेलं बरं. पाचवी मात्र पूर्ण बघावी, त्यातल्या पँथर्सच्या मॅथ्यू कचकच्या एका झेपेसाठी तरी : रिकाम्या गोलमध्ये जाणारा पक रेषेवरून आडवं पडून त्यानं बाहेर काढला. मॅच तरीही गेली, ती गोष्ट निराळी.

बघण्याची व्यवस्था. फ्लोरिडात संध्याकाळी ७ ला सुरू होणारी मॅच आपल्याकडं दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला येते, ती नोव्हेंबरपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. बाकीच्या दिवसांत तिथली घड्याळं तासभर पुढं असतात, म्हणून साडेचारला. फायनल तिथं रात्री ८ ला, म्हणजे जूनमध्ये आपल्याकडं साडेपाचला सुरू. आठच्या सुमारास संपते, मिसळीची वेळ सापडते. पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅच मात्र सकाळी साडेआठच्या आसपास लागतात, त्या नोकरदाराच्या कामाच्या नाहीत. नव्या सीझनला थेट बघायचं असेल तर हेच गणित. रिप्लेला अर्थात वेळेचं बंधन नाही, फक्त निकाल दाखवणारी थंबनेल टाळायची असेल तर स्कोअर लपवण्याची सेटिंग आधी चालू करावी. फुकटात भागवायचं असेल तर लीगच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स असतात. पण हायलाइट्समध्ये फोरचेक दिसत नाही, फक्त गोल दिसतात. त्यामुळं या टीमपुरते ते निम्मे कामाचे.

पक दिसत नाही ही सगळ्यांची पहिली तक्रार. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम, आणि उसळी कमी व्हावी म्हणून गोठवलेला. ताशी १५० किलोमीटरनं सुटलेला पक ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर फ्रेमला सुमारे १.४ मीटर उडी घेतो, ६० फ्रेमला ७० सेंटीमीटर. म्हणून रिझोल्यूशन ७२० ठेवलं तरी चालेल, पण फ्रेम ६० च हव्यात. तासाला साधारण दीड ते दोन जीबी जातात, तेव्हा रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर मोबाईलचा नेट पहिल्या पिरियडनंतरच धापा टाकतो. घरचं वायफाय असेल तरच पूर्ण मॅच घ्यावी. टीव्हीवर चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सेटिंग बंद करावी, तिच्यात पक पुसला जातो. ब्राइटनेसही थोडा उतरवावा, पांढऱ्या बर्फाची चकाकी डोळ्याला दमवते. दोन पिरियडांमध्ये १८ मिनिटांची विश्रांती असते, रिप्लेवर ती सरळ ओलांडावी.

पँथर्सच्या मॅचनंतर बर्फावर प्लास्टिकचे उंदीर पडताना दिसले तर दचकू नये. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्कॉट मेलनबीनं ड्रेसिंग रूममधला खरा उंदीर स्टिकनं मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले, तेव्हापासूनची ही प्रथा. खेळ चालू असताना फेकलं तर यजमानांना पेनल्टी बसू शकते, म्हणून शेवटच्या हॉर्नपर्यंत दम धरला जातो. गुलाल उधळायच्या आधी अंतिम शिट्टीची वाट बघायची, तसंच.

क्रम असा ठेवावा : टँपाची दुसरी, बॉस्टनची सहावी, फायनलची पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी. पहिलीत बोब्रोव्स्कीनं ३२ शॉट अडवून ३-० केलंय, सुरुवात म्हणून ती सोपी जाते. फायनलची सहावी फारच मन घट्ट असेल तर.

सातवीत व्हेरहेगीचा गोल पहिल्या पिरियडला ४:२७ वर, यानमार्कची बरोबरी ६:४४ वर आणि राइनहार्टचा २-१ चा गोल दुसऱ्या पिरियडला १५:११ वर. त्यानंतर २४ मिनिटं ४९ सेकंद कुणाचाही गोल नाही, आणि मॅकडेव्हिडला सहाव्या-सातव्या मॅचमध्ये मिळून एकही गुण नाही. मॅच सनराइजला, पँथर्सच्या घरी होती. खेळ थांबल्यावर शेवटचा गडी बदलायचा हक्क यजमानांचा असतो. म्हणून तिसरा पिरियड दुसऱ्यांदा बघताना पक सोडून द्यावा आणि मॅकडेव्हिडचा ९७ नंबर बर्फावर उतरला की पँथर्सच्या कॅप्टन बार्कोव्हचा १६ नंबर किती सेकंदांत उतरतो, तेवढंच मोजावं.